मुका यजमान

६ जानेवारी, सोमवार. अमरावती

दुसरं सत्र आज सुरू झालं आणि पहिल्याच तासाला करिश्मा मॅडमनी माझं बोलणं काढून घेतलं. सगळ्यांचंच काढलं म्हणा, पण बाकीची पोरं विशीतली. त्यांच्याकडे काढून घेण्याजोगं फार काही नव्हतं. माझी उभी नोकरी अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली. माझ्याकडे दुसरं आहे काय?

"या सत्रात फक्त अंग," मॅडम म्हणाल्या. "संवाद नाही, गाणं नाही. कविता तर नाहीच नाही. उत्तमराव काका, तुमच्याकडे पाहूनच बोलून राहिली मी."

पोट्टे हसले. मीही हसलो. पहिल्या सत्रात मी दर तासाला काही ना काही म्हणून दाखवत असे, हे खरं आहे.

मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. अंग असं वळवतात की त्यांना हाडं आहेत की नाहीत अशी शंका येते. मुंबईला शिकून आल्या आणि आता इथल्या कॉलेजात नाटकाचा हा वर्षाचा अभ्यासक्रम चालवतात. मी सोमवार ते शुक्रवार रुक्मिणीनगरात खोली घेऊन राहतो आणि शनिवार-रविवार अकोल्याला घरी जातो. सुभद्रेला हे पटलेलं नाही. "या वयात नाटकाचं शिकून काय सिनेमात जाता?" असं ती मला विचारते.

तिला कसं सांगू? शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला मी विंगेत पुस्तक धरून उभा असे. पोरं अडखळली की पुढचा शब्द फेकायचा. टाळ्या ऐकू यायच्या, पण दिसायचे ते फक्त पाठमोरे मावळे. एकदा, फक्त एकदा, उजेडाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज फजिती. मॅडम म्हणाल्या, नदी व्हा. मी डाव्या हाताने लाटा केल्या, मग बोटाने डोंगर दाखवला, मग कपाळावर हात ठेवून दूर पाहिलं.

"काका, हे काय?"

"डोंगरातून निघालेली नदी समुद्राला शोधत आहे."

"ते तुमी सांगून राहिले. व्हा ना!"

आकांक्षा नावाची दर्यापूरकडची एक पोरगी आहे, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मॅडम, काकांचे हात शिक्षक आहेत. ते अर्थ सांगितल्याशिवाय सोडत नाहीत."

खोलीवर आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. पाचवीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती. साऱ्या वर्गाकडून मी ती हातवाऱ्यांसह म्हणून घेत असे. पन्नास पोरांचे हात एकदम उठायचे, एकदम लाटा व्हायचे. चिंचेच्या झाडावरून पोपटांचा थवा उठावा तसं वाटायचं. ते सगळं चुकीचं होतं की काय?

१७ जानेवारी, शुक्रवार

आज लिहायला बसताना हात आनंदाने जड झाला आहे.

कोरा मुखवटा घालून उभं राहायचं होतं. त्या पांढऱ्या मुखवट्याला ना हसू असतं ना रडू. तो घातला की अंगातलं सगळं खोटं उघडं पडतं, असं मॅडम म्हणतात. पोरांचे खांदे, माना काही ना काही बोलतच होते. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, चाललो, बसलो. मग मुखवटा काढला.

मॅडम जवळ आल्या. मग म्हणाल्या, "अरे, इकडे पाहा सगळे. काकांनी मुखवटा काढला तरी चेहरा तसाच आहे. कोरा. हे यायला लोकांना वर्षं लागतात."

आकांक्षा म्हणाली, "काका, कुठं शिकले?"

कुठं शिकणार? आत काहीतरी पिकत असेल. हाताचंही तसंच. गेल्या आठवड्यात वाजवीपेक्षा जास्त बोलणारा माझा उजवा हात आज स्वतःहून गप्प होता.

१९ जानेवारी, रविवार. अकोला

सुभद्रेला मुखवट्याचं सांगितलं. ती वांगी चिरत होती.

"मंग घरी काहून तोच चेहरा घेऊन फिरता? काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया आल्या. तुमी समोर बसले, अन् हासणं नाही, बोलणं नाही. सीमाबाई मले विचारत होती, भाऊ रागावले का म्हणून."

"अगं, साधना आहे ती. सवय अंगात मुरली पाहिजे."

"अन् चालताना उजवा हात काहून हालत नाही तुमचा? लाकडासारखा लटकून राहते."

तोही साधनेचाच भाग आहे, असं मी तिला समजावलं. तेवढ्यात ती धावत स्वयंपाकघरात गेली. दूध करपलं होतं. "तुमी दाराशीच बसले होते, वास नाई आला?" मला खरोखर आला नाही. मनात पंधरा-वीस गोष्टी होत्या.

नंतर तिने माझी ही वही पाहिली. "अक्षर केवढं बारीक करून ठेवलं बाप्पा! मुंग्या चालल्या की काय." मीही मागची पानं उलटून पाहिली. पावसाळ्यात अक्षर टपोरं होतं. आता ओळ डावीकडून सुरू होते आणि उजवीकडे जाईपर्यंत आकसते. बोलणं कमी झालं की लिहिणंही सोवळं होत असावं.

३ फेब्रुवारी, सोमवार. अमरावती

परीक्षेचं नाटुकलं ठरलं. नाव 'पंगत'.

लग्नाची पंगत बसली आहे. ताटं नाहीत, पत्रावळी नाहीत, अन्न नाही, काहीच नाही. सगळं अंगाने दाखवायचं. वाढपी वाढून जातात. पण यजमानाने रांगेतून हात जोडत जाऊन 'होऊ द्या सावकाश' म्हटल्याशिवाय आपल्याकडे कोणी घास उचलत नाही, त्यावर सगळा खेळ आहे. रांगेच्या शेवटी यजमानाचा सख्खा भाऊ बसला आहे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. भावापर्यंत जायचं की नाही? त्याच्यासमोर हात जोडायचे की नाही? तिकडे सगळी पंगत ताटकळलेली. शेवटी यजमान जातो, वाकतो, आणि सगळे एकदम घास उचलतात. झालं.

यजमान मी!

भाऊ म्हणजे श्रावण. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा. तो आतापासूनच मला पाहून मान फिरवण्याचा सराव करतो आहे. चहाच्या टपरीवरही.

आमच्या गावाकडे, मूर्तिजापूरच्या पलीकडे, अशा पंगती मी पाहिल्या आहेत. बाबा यजमान असत. धोतराचा सोगा हातात, घामाने चमकणारं कपाळ. पंगतीत श्लोक म्हणायचा मान मला असे. मी उभा राहून म्हणायचो, आणि रोडगे कुस्करणारे हात क्षणभर थांबायचे. या नाटुकल्यात एक श्लोक घालू का, असं मॅडमना विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

यजमानाची चाल जमली आहे. मी पाय सावकाश उचलतो, छोटी पावलं टाकतो, थोडा वाकून. पोरं म्हणतात, काका, तुमी चालायला लागले की खरंच पंगत दिसते.

तालमीनंतर टपरीवर गेलो होतो. मॅडमही आल्या. मी कप घेऊन बाकाकडे जात होतो, तर म्हणाल्या, "काका, आता तालीम संपली. आता हात सोडा."

"सोडलाच आहे."

"नाही, म्हणजे... मोकळा सोडा. हलू द्या."

"मोकळाच आहे मॅडम."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग वळायला सांगितलं, परत यायला सांगितलं. मी आलो. वळताना माझी नेहमीपेक्षा बरीच जास्त पावलं झाली, एवढंच. त्यांचा चहा तसाच राहिला. सुभद्रेचा नंबर मागितला. कशाला, ते सांगितलं नाही. प्रयोगाचं आमंत्रण असणार. त्यांना माझं कौतुक घरी कळवावंसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण सुखही वाटतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. अकोला

आमंत्रण नव्हतं.

सुभद्रा काल मला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तरुण डॉक्टर. त्याने बोटं आपटायला लावली, दार उघडून बाहेर चालत जायला लावलं, मागून खांदे ओढले. एक वाक्य लिहायला सांगितलं. मी एक आवडती ओळ लिहिली. त्याने ओळ वाचलीच नाही, अक्षराचा आकार पाहिला.

"कंपवात आहे काका. सुरुवातीचा."

"पण माझा हात कापत नाही."

"सगळ्यांचा कापतोच असं नाही. काहींचं अंग नुसतं मंद होतं, आखडतं. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. वास जातो."

मग तो कोरा चेहरा आजाराचाच. मग हात. मग चाल.

घरी येताना रिक्षात सुभद्रा माझा उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणालो, "म्हणजे मला काहीच येत नव्हतं."

"काय येत नव्हतं?"

तिला कळलं नाही. आजार बरा होणार नाही असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. मुखवटा काढल्यावर मॅडम जे बोलल्या, ते आठवून लागलं.

गोळ्या सुरू. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

११ मार्च, मंगळवार. अमरावती

परत आलो त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी माझी माफी मागितली. "मी चेहऱ्याची स्तुती करत राहिली काका. मला आधी दिसायला पाहिजे होतं." त्यांचे डोळे भरले. मला काय करावं कळेना. मी त्यांना एक कविता म्हणून दाखवू का विचारलं. त्या रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, नको.

वर्गाला मीच सांगितलं. आकांक्षा एकटी बोलली, "म्हणजे आता काका आमच्यापेक्षा भारी नाहीत. बरं झालं." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

गोळ्या लागू पडल्या आहेत. हात हलतो. वळताना अडखळत नाही. काल खोलीत अक्षर मोठं आलं. सुभद्रेला फोनवर सांगितलं तर ती रडली.

पण तालमीत गंमत झाली, म्हणजे गंमत नाहीच. यजमान चालायला लागला आणि हात लगेच बोलू लागले. पाहुण्याकडे बोट, ताटाकडे बोट, छातीवर हात, भाऊ दिसताच कपाळावर हात. मला कळतही नाही. श्रावण खाली मान घालून हसू दाबत होता. चेहरा तर गॅदरिंगच्या पहिल्या रांगेसाठी बोलत होता.

"काका, थोडं कमी," मॅडम म्हणाल्या. आणखी काही म्हणाल्या नाहीत. आजारी माणसाला काय बोलणार?

२० मार्च, गुरुवार

आज त्यांनी खूप मायेने विचारलं. श्रावणला यजमान केलं तर? तुम्ही पंगतीत बसा. पहिल्या जागेवर. ताणही पडणार नाही.

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. एक आठवडा द्या म्हणालो.

आकांक्षाला विचारलं, खरं सांग. ती म्हणाली, "आधी लय भारी होत होतं काका. आता तुमी पंगतीले धडा शिकवून राहिले."

रात्रभर विंगेत उभा होतो, स्वप्नात. हातात पुस्तक, आणि पुस्तकात अक्षरच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

लिहावं की नाही? पण इथेही खोटं लिहायचं तर वही कशाला?

काल संध्याकाळची गोळी घेतली नाही. आज सकाळची नाही, दुपारचीही नाही. अंग वाळत घातलेल्या ओल्या सतरंजीसारखं झालं. तालमीत उभा राहिलो. हात गप्प. चेहरा गप्प. पाय आपले आपले निघाले, लहान, जड. भावासमोर आलो तेव्हा वाकायला इतका वेळ लागला की श्रावणच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "काका! हेच! कसं केलं?"

"सराव," मी म्हणालो.

त्यांनी मला मिठी मारली. यजमान मीच राहिलो.

खोलीत येऊन गोळी घेतली. अंग सुटायची वाट पाहत पलंगावर बसलो. बाहेर कोणाच्या तरी घरी पोरगी पाढे म्हणत होती. मी आजवर एकाही पोराला परीक्षेत नक्कल करू दिली नाही. पण हे आहे काय? अंग तर माझंच आहे ना? मी कोणाचं चोरलं?

८ एप्रिल, मंगळवार. सकाळ

आज प्रयोग. बाहेरचे परीक्षक येणार, गुण सगळ्यांना एकत्र मिळणार. सुभद्रा दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरते आहे. गोळी कालपासून बंद आहे. शर्टाची गुंडी लावायला खूप वेळ लागला. चांगलं लक्षण.

९ एप्रिल, बुधवार. अकोला

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

उजेड आला. पंगत बसली. वाढपी गेले. मी विंगेतून निघालो, आणि पलीकडे अंधार होता. अंधारात माणसं होती. इतकी वर्षं ज्यांच्या टाळ्या विंगेतून नुसत्या ऐकल्या, ती माणसं. पहिल्या पाहुण्यासमोर हात जोडले. दुसऱ्या. तिसऱ्या. आकांक्षासमोर आलो, हात जोडले.

आणि पाय निघेना.

चिकटला. जमिनीतून कोणी धरला असावा तसा. मी मनातून ढकललं. सगळ्या लघुगुरूंसह पावलाला हाक मारली. वरचं अंग पुढे जायला निघालं, पाय मागेच. पडतो की काय वाटलं. पडलो नाही, आणि हाललोही नाही. हात जोडलेले तसेच. अजून निम्मी पंगत बाकी, आणि शेवटी श्रावण. यजमान पोचल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही, हा नियम. कोणी उचलला नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. आधी प्रेक्षक टक लावून शांत होते, मग खुर्च्या वाजू लागल्या. कोणीतरी खोकलं.

मला ओरडायचं होतं की पोरांनो, जेवा. तोंड उघडलं नाही. बोलायची बंदी होती म्हणून नाही.

तेव्हा आकांक्षा उठली. भरल्या पंगतीतून कोणी उठत नाही. तिने आपली नसलेली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली. सांभाळून, वरणाचा ओघळ सांडू नये म्हणून वाकून. माझ्या मागून जाऊन पंगतीच्या वरच्या टोकाला बसली. तिच्या रिकाम्या जागी पुढचा पोरगा सरकला, आपलं पान घेऊन. मी त्याच्यासमोर हात जोडून उभा होतोच. तोही उठून वर गेला. मग त्याच्या पुढची. अशी सगळी पंगत एकेक करून माझ्यासमोरून गेली, आणि शेवटी श्रावण आला. माझा भाऊ. त्यालाच उठून यावं लागलं. तो बसला, वर पाहिलं, आणि माझे आधीच जोडलेले हात पाहून त्याने आपले जोडले.

मग सगळ्यांनी घास उचलला.

टाळ्या किती वेळ चालल्या ठाऊक नाही. मी उजेडात होतो, आणि मला पडदा पडायला हवा होता. श्रावण आणि आकांक्षाने मला दंडाला धरून विंगेत नेलं.

"गोळी नाई घेतली ना?" आकांक्षा म्हणाली.

मी खाली पायाकडे पाहिलं.

"गोळी घेतली की तुमचे हात बोलतात काका. आज मुके होते. त्या गुरुवारीबी मुकेच होते." मग नाक पुसून म्हणाली, "अन् आमी कलेबिलेसाठी नाई उठलो. आमाले पास व्हायचं होतं."

परीक्षकांनी सगळ्यांना बोलावलं. मोठे गृहस्थ, पांढरी दाढी. "यजमान थांबतो आणि भाऊ उठून येतो. ही कल्पना कोणाची?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग श्रावण म्हणाला, "काकांची."

मी म्हणालो, "नाही, माझा पाय..." पण आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कानाला हात लावला, हसले, आणि पुढे काहीतरी लिहिलं. विनयशील आहेत, असं शेजारच्याला म्हणाले. पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पोरांचे चेहरे दिसले. मिटलं.

सुभद्रा मागे उभी होती. सगळे गेल्यावर पुढे आली. पर्समधून गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडलं.

"तोंड उघडा."

घेतली.

"सगळे टाळ्या वाजवून राहिले होते," ती म्हणाली, "अन् मी तुमच्या पायाकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, गेले हे. उभ्यानं गेले."

"मी रडत होतो गं तेव्हा."

"चेहऱ्यावर काहीच नव्हतं अजी," ती म्हणाली. "मले कसं दिसणार?"

११ एप्रिल, शुक्रवार. अकोला

मॅडमचा फोन आला. वर्ग पहिल्या श्रेणीत पास. परीक्षकांनी 'पंगत' नागपूरच्या नाट्यमहोत्सवासाठी मागितली आहे, मे महिन्यात, मोठ्या रंगमंदिरात. "फक्त एक अट आहे काका. तो थांबा तसाच हवा. आता आपण तो नीट बसवू."

त्यांना पोरांनी अजून सांगितलेलं नाही.

सुभद्रेने बाजूने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्या पोरीले खरं काय ते तुमी सांगा. नाई तं मी सांगतो."

जेवण झाल्यापासून मेसेज लिहितो आहे. गोळी घेतली आहे, अंगठा चालतो, तरी शब्द सापडत नाहीत. एवढ्या कविता पाठ आहेत, त्यातलं एक कडवं कामाला येत नाही. शेवटी इतकंच लिहिलं:

'मॅडम, त्या दिवशी मी गोळी घेतली नव्हती. थांबलो नव्हतो, अडकलो होतो. गोळी घेऊन मला असं थांबता येत नाही, हात मास्तर होतात. गोळी न घेता थांबलो तर पुन्हा चालता येईल याची खात्री नाही. मला नागपूरला यायचं आहे. मला फार यायचं आहे. मी काय करू?'

पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या.

"काय म्हणते?" सुभद्रा आतून म्हणाली.

"लिहून राहिली."

"लिहू द्या मंग."

वर 'टायपिंग' असं आलं. गेलं. पुन्हा आलं. सुभद्रा हात पुसत बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. आम्ही दोघं फोनकडे पाहत बसलो आहोत. ते पुन्हा गेलं आहे.